दुसऱ्या बाज्याची जागा

कार्यक्रम ठरवण्याच्या बाबतीत माझा हात धरेल असा माणूस आमच्या ऑफिसात नाही! निरोप समारंभ असो, वार्षिक बैठक असो, नाहीतर बड्या साहेबांच्या कुत्र्याचा वाढदिवस असो, माणूस एकच. माझ्या कार्यक्रमात माइक पहिल्या फटक्यात चालतो. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी कार्यक्रम केलाय, त्यांनाच ही केवढी गोष्ट आहे ते कळेल!

यामागची युक्ती तुम्हाला म्हणून सांगतो. समोरच्याचं दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत 'हो' म्हणून टाकायचं! केटरर असो, माइकवाला असो, पहिल्या वाक्यात काम असतं आणि दुसऱ्यापासून रडगाणं सुरू होतं. रडगाणं ऐकायला आपल्याला वेळ नाही. 'हो, हो, तुमच्या पद्धतीनं करा' म्हणायचं आणि फोन ठेवायचा.

तर आईचा सत्तरावा वाढदिवस मी हातात घेतला तो याच आत्मविश्वासानं. आणि खरं सांगायचं तर थोडा घाबरूनही.

कारण बाबा गेल्यापासून आई बोलत नव्हती. वाचा वगैरे गेली नव्हती. "चहा घेणार?" म्हटलं की "हं." "औषध घेतलंस?" "हं." "आई, घराला आग लागलीय," असं म्हटलं असतं तरी "हं"च म्हणाली असती! दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसायची आणि उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर आपटत राहायची. टक, टक, टक, टक. मग थांबायची, मान किंचित हलवायची, की पुन्हा टक, टक. डॉक्टरांनी या बोटांसाठी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी आईला झोप यायला लागली आणि बोटं झोपेतही चालूच राहिली.

ताई लांबच्या गावी असते, पण तिचा धाक फोनमधून पोचतो. ती म्हणाली, "वाढदिवसापर्यंत बघते. नाही बोलली तर मी तिला माझ्याकडे नेणार. तुला जमत नाहीये, शहाण्या."

"जमत नाहीये म्हणजे?"

"म्हणजे आई वाळत चाललीय आणि तू मला तिचा रक्तदाब सांगतोयस."

मी फोन ठेवला. ती खिडकीतली खुर्ची रिकामी दिसली असती तर मला घरात पाऊल टाकवलं नसतं. बाबा गेले, आता आईही घरातून जाणार! पण ताईपुढे असलं बोलायची सोय नाही.

बायको म्हणाली, "अहो, घरातच करू या. आपण चौघं आणि एक केक. त्यांना गर्दी झेपणार नाही."

"घरात? सत्तरावा? माझ्या आईचा?" मी कडाडलो. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात ती कल्पना आली. बाबांचा बँड!

बाबा दिवसा पाण्याचे मीटर तपासायचे आणि संध्याकाळी बँडमध्ये वाजवायचे. लाल कोट, सोनेरी झालर, उंच टोपी, आणि अंगाभोवती वेटोळं घालणारा तो मोठा पितळी बाजा. त्याचं तोंड परातीएवढं! आम्ही पोरं त्याला अजगर म्हणायचो. 'वाजवणाऱ्याची पोरं जेवायला आली' असं कुणी म्हणू नये, म्हणून बाबांनी आम्हाला कधी कार्यक्रमाला नेलं नाही. घरी सराव करायचे तो मागच्या खोलीत, दार लावून, आणि आत फक्त आई. आम्हाला बाहेर काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. बऱ्याच वेळानं एखादा "पों" यायचा. आम्हाला वाटायचं, बाबा बाजा पुसताहेत.

पण बाबा नेहमी म्हणायचे, "माझ्यावाचून बँड उभा राहत नाही." आणि मी हे माझ्या मित्रांना, मग सहकाऱ्यांना, मग सासरच्या मंडळींना आयुष्यभर सांगत आलो होतो. माझे वडील म्हणजे बँडचा आत्मा!

बँडच्या मास्तरांना फोन लावला. हे मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे आणि बाबांचे दोस्तही होते.

"मास्तर, आईच्या वाढदिवसाला तुम्ही सगळ्यांनी वाजवायला यायचं."

"येऊ की, साहेब! वहिनींसाठी नाही येणार? फक्त एक सांगायचं होतं, अजून वर्ष झालेलं नाही, तर आमच्यात अशी पद्धत आहे की..."

"हो, हो! तुमच्या पद्धतीनंच करा! बाबा तिथेच आहेत असं आईला वाटलं पाहिजे!"

"ते तर वाटेलच," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा जड झाला होता. मी फोन ठेवला. बघा! काम फत्ते!

वाढदिवसाची संध्याकाळ उजाडली. म्हणजे काय ते समजून घ्या. हॉलमध्ये रंगीबेरंगी फुगे, समोर आईचं वय लिहिलेला केक, पन्नास-साठ नातेवाईक आणि शेजारी. ताई आदल्या दिवशीच येऊन दाखल झाली होती आणि प्रत्येक गोष्टीकडे इन्स्पेक्टरसारखी बघत होती. आईला 'जरा फिरून येऊ' म्हणून आणलं. दार उघडलं आणि सगळे ओरडले, "वाढदिवसाच्या शुभेच्छा!"

आई म्हणाली, "हं."

आणि मग तिची नजर स्टेजवर गेली. मागोमाग माझीही.

स्टेजवर बँड अर्धगोलात बसला होता. मधोमध एक खुर्ची. खुर्चीच्या पाठीला बाबांचा लाल कोट. खुर्चीवर त्यांची टोपी. आणि खुर्चीशेजारी पुसून लखलखीत केलेला अजगर! बँडमधल्या प्रत्येकाच्या दंडाला काळी फीत.

आमच्या शेजारी एक काका राहतात, सदा गुडघेदुखीनं हैराण; त्या गुडघेवाल्या काकांनी हातातली टोकदार कागदी टोपी हळूच खिशात घातली. एका मावशीनं हुंदका दिला. आई पहिल्या रांगेत बसली आणि तिची बोटं खुर्चीच्या हातावर सुरू झाली.

"काय केलंस हे?" ताई दातओठ खात माझ्या कानाशी म्हणाली. "वाढदिवस आहे की शोकसभा?"

मी स्टेजवर धावलो. "मास्तर, हे काय?"

"सांगितलं होतं ना, साहेब, फोनवर. आमच्यातला माणूस गेला की वर्षभर त्याची जागा भरत नाही. खुर्ची मांडतो, कोट ठेवतो. आणि त्याचे सूर कुणी वाजवायचे नाहीत. जिथे त्याचा सूर येतो तिथे आम्ही जागा रिकामी सोडतो."

आता सांगा, एवढं सुंदर कुणाला सुचलं असतं? माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले की मला माइक हातात घेतल्याशिवाय राहवत नाही. माइक पहिल्या फटक्यात चालला.

"मंडळी!" मी म्हणालो. "माझे वडील या बँडचा आत्मा होते! आज त्यांचे सूर कुणी वाजवणार नाही. संगीत जिथे थांबेल, तिथे माझे बाबा आहेत असं समजा! तेव्हा आपण सगळे दोन क्षण उभे राहू या!"

सगळ्यांनी डोळे पुसले. मास्तर मात्र माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघत होते. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलंही, पण मी "हो, हो, सुरू करा!" म्हणून खाली उतरलो.

बँड सुरू झाला. काय सुरेख वाजवत होते! सगळा हॉल खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता. आता थांबेल, मग थांबेल. तेवढ्यात ट्रंपेटवाल्यानं ट्रंपेट तोंडापासून काढला आणि आतली थुंकी झटकली. धडाधड सगळा हॉल उभा! माना खाली! ट्रंपेटवाला इतका गांगरला की त्यानं पुन्हा वाजवायलाच वेळ लावला, त्यामुळे आदरांजली चांगलीच लांबली.

सगळे बसले. दुसरं गाणं. ढोलवाल्याच्या हातून काठी निसटली आणि घरंगळत पहिल्या रांगेत आली. सगळे उभे! मावशी हुंदके द्यायला लागल्या. काठी उचलून द्यायला कुणी वाकेना, कारण मान खाली घातलेल्या माणसानं वाकावं की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अहो, एकदाच काय ते नक्की सांगा!" गुडघेवाले काका कळवळले. "माझ्या गुडघ्यांना तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण त्यांनाही मर्यादा आहे!"

इतक्यात हॉलचा व्यवस्थापक डोकावला. साठ माणसं माना खाली घालून उभी, समोर रिकाम्या खुर्चीवर टोपी. त्याचा चेहरा पडला. तो पाय न वाजवता माझ्याजवळ आला. "साहेब, माफ करा, आमच्या माणसांकडून मोठी चूक झाली. फुगे काढून टाकायचे ना?"

त्याचं पुढचं वाक्य यायच्या आत मी काय म्हणालो असेन? सवय हो, दुसरं काय!

"हो, हो!"

त्यानं माणूस शिडीवर चढवला. मग त्यानं केक उचलला, बाबांच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवला, त्यावरच्या सगळ्या मेणबत्त्या काढून एकच ठेवली, ती पेटवली आणि हात जोडले. वरती शिडीवाला फुगे सोडवत होता. त्याच्या हातात एक फुटला. फट्! बँड दचकून थांबला. सगळे उभे! दुसरा फुटला, तोवर अर्धे बसले होते, अर्धे उभे होते. केटररनं दारातून बघितलं, लोक उभे आहेत म्हणजे कार्यक्रम संपला असं समजून त्यानं जेवणाची झाकणं उघडली. मागच्या रांगा माना खाली घालूनच जेवणाकडे सरकायला लागल्या!

मी डोक्याला हात लावला. करायला गेलो होतो काय आणि झालं होतं काय! आई तशीच बसलेली. टक, टक, टक, टक.

तिसरं गाणंही संपलं. खरी जागा अजून आलीच नव्हती! मी पुन्हा स्टेजवर गेलो. ताई माझ्या मागोमाग आली.

"मास्तर, तुम्ही थांबत का नाही? बाबांची जागा कधी येणार?"

मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. "येऊन गेली की, साहेब. तिन्ही गाण्यांत. दोन-दोनदा."

"कुठे? आम्हाला तर काही कळलं नाही!"

मास्तर खाली बघायला लागले. मग म्हणाले, "तेच मघाशी सांगत होतो. मोठे बाजे आमच्याकडे दोन. पहिला हा बसलाय बघा. तुमचे वडील दुसरा बाजा. पहिल्याचा दम संपला की आधाराला. कडव्याच्या शेवटी एक पों, आणि गाण्याच्या शेवटी एक पों. बाकीचा वेळ ठोके मोजत बसायचं."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण माणूस फार चांगला."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मघाचा राग तिच्या तोंडावर नव्हता. "म्हणजे बाबा नव्हते," ती हळू म्हणाली, "आणि कुणाला कळलंसुद्धा नाही."

मला स्टेजवरून खाली उतरवेना. आयुष्यभर मी ज्यांना बँडचा आत्मा म्हणत होतो, त्यांना काढून टाकलं तरी गाण्यात तिळाएवढाही फरक पडला नव्हता. आणि हे मी साठ माणसांना बोलावून, आईला पहिल्या रांगेत बसवून, माइकवरून सिद्ध करून दाखवलं होतं! मला रडायला येत होतं. शिडीवाल्यानं शेवटचा फुगा फोडला, तर आता कुणी उभंही राहिलं नाही.

"मास्तर, चुकताय तुम्ही."

आवाज ओळखायला मला वेळ लागला. कितीतरी महिन्यांनी ऐकत होतो. आई उठून स्टेजपाशी आली होती.

"काय चुकलं, वहिनी?" मास्तर ताडकन उभे राहिले.

"जागा चुकली. तुम्ही थांबताय ती कागदावरची जागा. तिथे हे कधी होते? यांचा पों दर वेळेला उशिरा यायचा! सगळ्यांचं संपलं की मग!"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "खरंय! अहो, जन्मभर डोकं फोडलं मी त्यांच्यापुढे!"

"तुम्ही कसलं डोकं फोडलंत? मी घरी बसून मोजून द्यायचे. ही अशी बोटं आपटून. मोजून झालं की मान हलवायची, म्हणजे यांनी फुंकायचं. तरी उशिरा! विचारलं तर म्हणायचे, 'आधी सगळ्यांना जाऊ दे गं, मग मी येतो.'"

मी आईच्या बोटांकडे बघितलं. याच बोटांसाठी मी तिला रोज सकाळ-संध्याकाळ गोळी देत होतो!

आई पायऱ्या चढून वर आली. तिनं टोपी उचलली, कोट मांडीवर घेतला आणि सरळ बाबांच्या खुर्चीत बसली. "पहिलं गाणं पुन्हा घ्या."

बँड वाजायला लागला. आईची बोटं कोटावर पडत होती. कडवं संपत आलं. एक बारीकशी फट पडली, इतकी बारीक की आम्हाला मघाशी कळलीच नव्हती. ती गेली. आईनं मान हलवली. क्लॅरिनेट पुढे निघून गेलं, ट्रंपेट निघून गेला, आणि सगळे गेल्यावर आईनं गाल फुगवून तोंडानंच केलं:

"पों!"

ट्रंपेटवाल्याला ट्रंपेटमध्येच हसू फुटलं. त्याचा असा काही आवाज निघाला की ढोलवाला घसरला, मास्तर घसरले, अख्खा बँड एकमेकांच्या अंगावर कोसळला.

"असंच!" आई ओरडली. "अगदी असंच व्हायचं!"

पहिला बाजावाला घाबरून म्हणाला, "पण मास्तर, वर्ष व्हायच्या आत त्यांचा सूर..."

"गप रे! वाजवला कुठे? वहिनी तोंडानं म्हणाल्या!"

आई हसत होती. हसता हसता तिनं कोट तोंडावर घेतला आणि रडायला लागली. ताई तिच्या पायाशी बसली. मीही बसलो. हॉलमध्ये गुडघेवाले काका कुणी न सांगता उभे राहिले.

त्यानंतर आई जी बोलायला लागली ती थांबेना! केटररला म्हणाली मीठ कमी आहे, मावशीला म्हणाली बारीक झालीस, व्यवस्थापकाला म्हणाली चांगले फुगे का फोडले? निघताना मास्तर तिच्या पाया पडले.

घरी परतताना मी गाडी चालवत होतो. शेजारी बायको, मागे आई आणि ताई. माझी छाती पुन्हा हळूहळू फुगायला लागली होती.

"शेवटी जमलं की नाही?" मी म्हणालो. "कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम! काय गं आई?"

"जमलं हो," आई म्हणाली. "फक्त वाढदिवस काल होता."

मी कचकन ब्रेक दाबला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

"काहीतरीच काय!" ताई म्हणाली. "आम्ही जन्मापासून आजच करतोय!"

"तुमचे बाबा आज करायचे म्हणून. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी दिवसभर वाट बघितली, यांच्या लक्षातच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धावत आले. हातात फुलं, घामाघूम. म्हणाले, 'विसरलो नाही बघ!' तोंड असं फुललं होतं! मी काय सांगणार? म्हटलं, हो, आजच आहे."

"आणि पुढे कधी सांगितलं नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? एक दिवस वाट बघायची. यायचे ना."

काल आम्ही सगळे हॉल सजवायला गेलो होतो. आई घरात एकटीच होती. मला ते आता आठवलं.

"मग काल तू..." मी विचारलं.

"काल बसले होते की खिडकीत. म्हटलं, आज नाही, उद्या. दर वर्षीचंच आहे. मग आठवलं की उद्याही नाही."

मी गाडी पुन्हा पुढे काढली. मग बायको एकदम ओरडली, "अहो, केक! केक कापलाच नाही! तसाच राहिला तिथे, बाबांच्या खुर्चीसमोर!"

"वळवू का गाडी?" मी आरशातून आईला विचारलं.

"राहू दे तिथेच. येतील ते उशिरा, खातील."

'हो, हो' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, थांबावं. आज तरी समोरच्याचं दुसरं वाक्य ऐकावं. मी आरशात तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"आणि तू पुढे बघून चालव," आई म्हणाली.